जॅकेट मोजलेत, पाना-पक्कड कुणी मोजायची?

मंडळी, नाथसागर भरत आला की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास होतात. पैठणला दरवाजे बघायला गर्दी उसळते, आणि कुणीतरी पुढारी माइकसमोर उभा राहून सांगतो की इथं बोटिंग सुरू झालं पाहिजे. बातमी आम्ही छापतो, तुम्ही अंगठा दाखवता, पाणी उतरतं आणि विषयही उतरतो.

मागणी वाईट नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी ज्या धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी ज्याचं उद्घाटन केलं, ज्याचा जलाशय पन्नासेक किलोमीटर लांब पसरलाय, त्याच्या काठावर लेकरांना फक्त मक्याचं कणीस खाऊ घालून परत आणायचं, हे काही खरं नाही. अभयारण्य आहे, पक्ष्यांना इंजिनाच्या आवाजाचा त्रास होतो, हा मुद्दा मोठा आहे आणि त्यावर वेगळं लिहीन. आज समजून चालू की वनखात्याच्या अटी पाळून, ठरावीक भागात, लहान बोटी सुरू होणार आहेत. आज ना उद्या त्या होतीलच.

माझं म्हणणं एवढंच आहे: पहिल्या बोटीच्या आधी त्या बोटीतला हत्यारांचा डबा दाखवा. डबा नसेल तर फीत कापू नका.

'औरंगपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला बोटीतलं काय कळतं' असं चहाच्या टपरीवर मला ऐकवून झालंय. बरोबर आहे, आमच्या औरंगपुऱ्यात पाणीच मुळात नळाला येईल तेव्हा येतं, बोट कुठून येणार. पण मशीन कळायला समुद्र लागत नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. या शहरात चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या लोकांनी लहानपणी वडिलांची चेतक आडवी करून पुन्हा उभी केलेली असते, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासलेला असतो. त्या स्कूटरसोबत कंपनी काय द्यायची आठवतंय? मागे स्टेपनी, आणि हत्यारांच्या पिशवीत प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, दोन साधे पाने. जी गाडी बंद पडली तर माणूस उतरून ढकलत घरी नेऊ शकतो, तिच्यात हत्यारं होती. आणि जी बंद पडली तर उतरायची सोयच नाही, त्या बोटीत काय असतं? उगाच विचारत नाही, बघून बोलतोय.

एका धरणावरची गोष्ट आहे, आपल्या जिल्ह्याबाहेरची. नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका ठिकाणचा नाही. आम्ही बोटीत अकरा जण. प्रत्येकाच्या अंगात नारिंगी जॅकेट, पट्टे आवळलेले. धक्क्यावरच्या माणसानं वहीत नावं लिहून घेतली, डोकी मोजली, फोटोही काढला. कागदावर सगळं शंभर टक्के. काठापासून बरेच आत गेल्यावर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पोरगं वीस-बावीसचं असेल. त्यानं दोरी ओढली, पुन्हा ओढली, सातव्या-आठव्या झटक्याला दोरी तुटून त्याच्या हातात आली. मी विचारलं, दुसरी दोरी आहे का? "नाही ना साहेब." पाना? त्यानं सीटखालून एक पक्कड काढली. तिचे जबडे गंजून असे बसले होते की ती उघडायलाच दुसरी पक्कड लागली असती. सोबत पाणी उपसायला कापलेली बिस्लेरीची बाटली. संपला डबा.

आमच्यात वाळूजच्या कंपनीत मेंटेनन्सला असलेला एक गडी होता. तो म्हणाला, दादा, वरचं झाकण काढू, फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढू, चालू होईल. बरोबरच बोलत होता. दोरी तुटल्यावर तसंच करतात. पण झाकणाला होते बोल्ट, आणि बोल्टला लागतो दहा नंबरचा पाना. किराणा दुकानाशेजारी मिळतो तो. नव्हता. वारा आम्हाला आडवं करून आत ढकलत होता. एक मावशी घाबरून उठून उभ्या राहिल्या, तशी बोट एका अंगाला कलली आणि सगळेच ओरडले. तासाभरानं एका मच्छीमारानं होडी आणून दोर बांधला आणि काठाला ओढत नेलं. त्यानं पैसे घेतले नाहीत, शिव्या मात्र मनापासून दिल्या, आणि त्या योग्य पत्त्यावर दिल्या.

ही घटना कुठल्याच आकडेवारीत नाही. कुणी मेलं नाही म्हणून बातमी नाही. आणि घोळ इथंच आहे. आपल्याकडे बोटीच्या सुरक्षेची सुरुवात माणूस पाण्यात पडल्यावर होते.

आता इंजिन बंद पडलं म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घ्या. पुष्कळांना वाटतं, बंद पडलं तर पडलं, तरंगत बसू, दुसरी बोट येईल. चालू इंजिनावर नावाडी बोटीचं नाक लाटेकडे ठेवतो, लाट फुटून दोन बाजूंना जाते. इंजिन गेलं की सुकाणू गेलं. बोट हळूहळू वाऱ्याला आडवी होते, लाट कुशीत येऊन आदळते, दर लाटेला थोडं पाणी आत. पाणी आत आलं की लोक त्या बाजूनं उठून दुसऱ्या बाजूला सरकतात, आणि बोटीतलं पाणीही त्यांच्यामागे त्याच बाजूला धावतं. लहान बोट अशी उलटते. वादळच लागतं असं नाही, दुपारचा दणकट वारा आणि दहा घाबरलेली माणसं पुरतात. म्हणून बंद इंजिनाला पहिलं औषध पाना नाही, नांगर आहे. नाकाच्या बाजूनं नांगर टाकला की बोट पुन्हा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते आणि नावाड्याला डोकं शांत ठेवून काम करायला वेळ मिळतो. तळाला पोहोचून वर कितीतरी पट उरेल एवढा दोर हवा. तोकड्या दोरावर नांगर धरत नाही, नुसता घसरतो. अनेक बोटींत नांगर दिसतो तो पुढे टेकवलेला, शोभेला, आणि त्याचा दोर कपडे वाळत घालायला गेलेला.

मग डब्यात काय हवं? मी याद्या वाचल्या, कोकणातल्या दोन मेकॅनिकांशी फोनवर बोललो, आणि शहरातल्या दुकानांतून भाव काढले. जहाजाचं सामान नाहीच हे. दहा, बारा, तेरा, चौदा, सतरा असे पाने, प्लग पाना, चांगली पक्कड, दोन तोंडांचे स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, धारदार सुरी, बांधणीची तार, काळी टेप, होज क्लिपा, एम-सील, ग्रीसची डबी, गंज सोडवणारा फवारा, आणि कोरडं फडकं. फडकं लिहिलं म्हणून हसू नका, ओल्या प्लगवर अर्धी लढाई त्याचीच असते.

सुट्या भागांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे. लहान आउटबोर्ड इंजिनांमध्ये मेहनत सगळी प्लगवर. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं. मंद चालवत राहिलं, ऑइल जास्त पडलं, की प्लग काळा पडतो आणि ठिणगी मरते. त्याच इंजिनाच्या नंबरचे दोन नवे प्लग जवळ असले की पाच मिनिटांचं काम. स्कूटरला लागत होता तसाच खेळ.

मग पेट्रोल. आता आपल्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ऊसवाल्यांनी रागावू नये, पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाण्यावर उघड्या टाकीत ते पंधरा दिवस पडलं तर पाणी आणि अल्कोहोल खाली बसतं, पेट्रोल वर राहतं, आणि इंजिनाला नळी खालूनच ओढते. जुन्या रबरी नळ्याही त्यानं लवकर फुगतात, चिरतात. म्हणून एक जास्तीचा फिल्टर, हातभर पेट्रोलची नळी, आणि नळीतला तो दाबायचा रबरी गोळा, ज्यानं पेट्रोल इंजिनापर्यंत चढवतात. हा गोळा फाटला तर चांगलं इंजिनही उपाशी मरतं.

आणि शिअर पिन. हा शब्द आपल्याकडे ज्या माणसाला ठाऊक नसेल त्याला नाथसागरात प्रवासी नेऊ देऊ नका. बऱ्याच लहान आणि जुन्या इंजिनांत पंखा दांड्यावर एका मऊ धातूच्या खिळीनं अडकवलेला असतो. पंखा दगडाला, खोडाला आपटला तर आतले महागडे गिअर तुटू नयेत म्हणून ती खिळी स्वतः तुटते. तुटण्यासाठीच बनवलेली असते बिचारी. ती तुटली की इंजिन जोरात गुरगुरतं आणि बोट जागची हलत नाही. घाबरलेला नावाडी आणखी रेस वाढवतो, काही होत नाही. नवी खिळी टाकली, स्प्लिट पिन बसवली, काम झालं. खिळी नसेल तर सगळं इंजिन शोभेचं.

आता आपल्या नाथसागराचा तळ आठवा. धरणाखाली गावं गेली आहेत, त्यांच्या भिंती, जोती, बाभळींची खोडं तिथंच आहेत. मार्चनंतर पाणी उतरत जातं तसं हे सगळं पंख्याच्या जवळ येत जातं. आणि आपली सुट्टी कधी? एप्रिल-मे. गर्दी कधी? एप्रिल-मे. वळवाचा वारा कधी सुटतो? त्याच महिन्यांत, दुपारनंतर. वरून मच्छीमारांची जाळी. जाळं पंख्यात गुंडाळलं की सुरीशिवाय गत्यंतर नाही, आणि सुरी लावायच्या आधी इंजिन बंद करून किल स्विचची दोरी काढून घ्यायची असते, नाहीतर बोटं जातील. ती लाल कुरळी दोरी नावाड्याच्या मनगटाला असायला हवी. तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद होतं. बऱ्याच ठिकाणी ती इंजिनालाच बांधून ठेवलेली असते, म्हणजे ती कशाचीच सुरक्षा करत नाही. तिची जास्तीची क्लिप डब्यात हवी. तुटलेल्या दोरीला पर्याय म्हणून मुठीसकट स्टार्टरची दोरी हवी. पंख्याचा नट, वॉशर, स्प्लिट पिन दोन-दोन हवेत, कारण बोटीच्या मागे वाकून काम करताना एक तरी पाण्यात जातोच. मेकॅनिक लोक पान्यालाही सुतळी बांधून ती मनगटाला अडकवतात. ही अक्कल पाण्यात एक पाना गमावल्यावर येते, त्याआधी कुणी शिकवत नाही.

बोटीच्या तळाला पाणी सोडायचं एक भोक असतं, त्याला बूच असतं. ते बूच दहा-वीस रुपयांचं. काठावर बोट धुतली, बूच काढलं, लावायचं राहिलं, आणि माणसं बसवून बोट पाण्यात लोटली की बोट खालून भरायला लागते. म्हणून दुसरं बूच, आणि त्यासोबत मऊ लाकडाच्या दोन-चार निमुळत्या खुंट्या, कुठं भोक पडलं तर फडक्यात गुंडाळून ठोकायला. आपल्या सुताराकडे फुकट मिळतील.

डिझेल इंजिनाची बोट असेल तर डबा थोडा बदलतो: पट्टा एक जास्तीचा, डिझेलचा फिल्टर, आणि लाइनमधली हवा काढायला लागणारा पाना. डिझेलनं हवा पकडली की कितीही स्टार्टर मारा, बॅटरीच उतरते. शेतकरी माणसाला हे सांगायची गरज नाही, त्यानं शेतातल्या पंपाचं इंजिन शंभरदा तसं चालू केलंय.

सगळंच पाण्यात करायचं असं नाही, हेही सांगतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातली रबरी चकती, इम्पेलर म्हणतात तिला, ती गाळाच्या पाण्यात लवकर झिजते. इंजिनामागून पडणारी पाण्याची बारीक धार बंद झाली की समजायचं, ताबडतोब परत फिरायचं. ती चकती बदलायला इंजिनाचा खालचा भाग उतरवावा लागतो, ते काम काठावर. म्हणजे एक डबा बोटीत, आणि एक मोठं कपाट धक्क्यावर. आणि ज्या बिघाडाला डब्यात उत्तरच नाही, त्यासाठी बोटीत दोन वल्ही. इंजिन आलं म्हणून वल्ही काढून टाकणाऱ्या माणसाला मी तरी नावाडी म्हणणार नाही.

खर्च किती येतो? साध्या आउटबोर्डसाठी माझ्या हिशेबानं हत्यारं आणि सुटे भाग मिळून सहा-सात हजार, नांगर-वल्ही वेगळी. कंपनीनुसार थोडं वर-खाली होईल. उद्घाटनाच्या मांडवाचं भाडं याहून जास्त असतं. हारांचं सोडूनच द्या.

मग हे होत का नाही? पैसे नाहीत म्हणून नाही. डबा फोटोत दिसत नाही म्हणून. जॅकेट दिसतं. नारिंगी रंग असतो, मंत्री घालून बसले की पहिल्या पानावर येतं. शिवाय बोटी घेताना किंमत बघतात ती बोटीची. सुटे भाग, देखभाल, मेकॅनिकचा पगार हे 'नंतर बघू'. पहिल्या हंगामात बोट पळते, दुसऱ्यात बंद बोटीचा पार्ट काढून चालू बोटीला लावतात, तिसऱ्यात दोन्ही काठावर उपड्या पडतात आणि खाली कुत्री सावलीला बसतात. महाराष्ट्रात फिरताना असे काठ मी बघितलेत, तुम्हीही बघितले असतील.

दुसरं कारण, धनी कोण हेच ठरत नाही. धरण जलसंपदा खात्याचं, पक्षी वनखात्याचे, पर्यटन महामंडळाचं, बोटीचे कागद मेरीटाइम बोर्डाचे, आणि माणूस बुडाला की जिल्हाधिकाऱ्यांचा. कायदा नाही असंही नाही. १९१७ सालचा इंग्रजांचा कायदा जाऊन २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला तपासणीचा दाखला आणि नोंदणी लागते, जीव वाचवायची आणि आग विझवायची साधनं लागतात, चालवणारा प्रशिक्षित लागतो. ठीक. पण दाखला मिळाला त्या दिवशी बोट जशी होती तशीच ती मे महिन्यातल्या रविवारी असते का, हे बघायला धक्क्यावर कोण उभं असतं? तिकीट फाडणारा.

अपघातानंतर काय होतं तेही बघू. २१ मे २०२४ ला उजनीत, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला, सहा गेले, त्यात लहान लेकरंही होती. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली: बारा मुलं, दोन शिक्षिका. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली, पंधरा जीव गेले. त्या स्पीड बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि इंजिनातल्या बिघाडामुळे ताबा सुटला, हे नौदलानंच सांगितलं. तिन्ही अपघातांची कारणं वेगवेगळी आहेत आणि हत्यारांचा डबा असता तर हे सगळे वाचले असते, असं खोटं मी बोलणार नाही. उजनीतला वारा कुणाच्या पान्याला ऐकणारा नव्हता. पण प्रत्येक वेळी नंतर निघालेले आदेश आठवा. जॅकेट सक्तीचं. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी नको. परवाने तपासा. हे तिन्ही योग्यच आहेत, त्याला माझा विरोध नाही. इंजिन बंद पडल्यावर बोटीतल्या माणसानं काय करायचं आणि कशानं करायचं, याचं एक वाक्य त्या आदेशांत मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

जॅकेट हवंच. ज्यांनी 'म्हणजे तुम्ही जॅकेटच्या विरोधात आहात का' असं लिहायला अंगठे तयार ठेवलेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. जॅकेट बोट उलटल्यावर कामाला येतं. बोट उलटू नये यासाठी काय आहे, असा माझा प्रश्न आहे.

'नावाड्यांना हे जमणार नाही' असं एक साहेब मला म्हणाले. साहेब, ज्या जिल्ह्यातली पोरं वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं बसून देशोदेशींच्या गाड्यांचे भाग बनवतात, त्या जिल्ह्यात एका पोराला प्लग बदलता येणार नाही? आपल्याकडे आयटीआय आहे, तिथं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड आहे. दहा दिवसांचा वर्ग घ्या. आणि पैठण-गंगापूरच्या काठावरच्या भोई-कहार मंडळींना आधी विचारा. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात काढलेली माणसं आहेत, वारा कधी फिरणार ते त्यांना कळतं. ठेका मात्र दरवेळी बाहेरच्या कंपनीला जातो आणि स्थानिक पोरगं बारा हजारांवर दोरी ओढायला ठेवतात. त्यालाच जबाबदार धरायचं आणि त्यालाच पाना द्यायचा नाही. मगाशी सांगितलेल्या त्या बोटीवरच्या पोराचा मला त्या दिवशीही राग आला नव्हता. त्याच्या हातात गंजलेली पक्कड कुणी ठेवली, तो माणूस एसीत होता.

'दुसरी बोट तयार ठेवू, तीच ओढून आणेल,' हेही ऐकलं. ठेवा, जरूर ठेवा. पण तिला बातमी कशी कळणार? जलाशयाच्या मध्यावर मोबाइलला रेंज येते-जाते, आणि आली तरी फोन नावाड्याच्या खिशात भिजलेला. शिट्टी, टॉर्च, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत चार्ज केलेला फोन, हे त्याच डब्यात टाका. आणि ती दुसरी बोट आधीच प्रवासी घेऊन दुसऱ्या टोकाला गेलेली नसेल, याची खात्री रविवारी कोण देणार?

म्हणून काही साध्या अटी मागतोय. निविदा निघेल तेव्हा बोटीच्या किमतीसोबत सुट्या भागांची आणि तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी दाखवा, म्हणजे ती कुणाला खाता येणार नाही, निदान खाल्ली तर दिसेल. प्रत्येक बोटीत पाणबंद डबा, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत यादी चिकटवलेली. रोज सकाळी पहिली फेरी सुटायच्या आधी डबा उघडून यादी तपासायची, नावाड्याची सही, धक्क्यावरच्या माणसाची सही, आणि ती वही लोकांना बघता येईल अशी टांगलेली. काही वापरलं तर संध्याकाळपर्यंत भरून ठेवायचं. महिन्यातून एकदा पाण्यावर नेऊन इंजिन मुद्दाम बंद करायचं आणि नावाड्यानं करायचं काय ते घड्याळ लावून बघायचं: आधी नांगर, मग लोकांना बसवून ठेवणं, मग काठाला खबर, मग झाकण उघडणं. झाकण उघडल्यावर पेट्रोलचा वास जाऊ द्यायचा आणि बोटीत कुणालाही काडी ओढू द्यायची नाही. ज्याला हा क्रम येत नाही त्याला प्रवासी नाहीत. सूर्य मावळतीला लागला की फेरी बंद, आणि वारा वाढला की तिकीट परत.

तुम्हीही कुठं फिरायला गेलात, तापोळा असो, तारकर्ली असो, भंडारदरा असो, बोटीत पाय ठेवायच्या आधी तीन गोष्टी विचारा. दादा, नांगराला दोर किती? वल्ही आहेत का? डबा उघडून दाखवता का? नावाडी चांगला असेल तर त्याला राग येत नाही, उलट तो कौतुकानं दाखवतो. मालवणकडे एका तांडेलानं मला त्याचा डबा दाखवला होता; प्रत्येक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, प्लग छोट्या डबीत, आणि खिळ्या नारळाच्या तेलाच्या बाटलीत बुडवून ठेवलेल्या, गंजू नयेत म्हणून. कुठल्याही सरकारी आदेशानं नाही, त्याच्या बापानं शिकवलं होतं म्हणून.

वर लिहिलेल्या अटी घालून जिल्हाधिकारी, जलसंपदा, वनखातं आणि पर्यटन विभाग यांच्या नावे एकच पत्र तयार केलंय, म्हणजे 'आमच्याकडे आलं नाही' म्हणायला कुणाला जागा राहणार नाही. सोबत सुट्या भागांची यादी भावासकट जोडली आहे. पैठण, गंगापूर, कायगाव भागातल्या मच्छीमार मंडळींच्या सूचना त्यात घालायच्या आहेत, त्यांनी आधी कळवावं. ज्यांना सही करायची आहे त्यांनी येत्या रविवारी संध्याकाळी सहानंतर औरंगपुऱ्यात फुले दांपत्याच्या पुतळ्याजवळ यावं. पेन मी आणतो.